जन्मवर्ष आणि पात्रता

२०१६ सालच्या सप्टेंबर महिन्यात आशियातील सोळा देशांचे कुमार फुटबॉलपटू गोव्यात एकत्र आले. फातोर्डा आणि बांबोळी येथील दोन क्रीडांगणांवर १५ सप्टेंबरपासून सोळा वर्षांखालील मुलांची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा खेळली गेली. २ ऑक्टोबर रोजी अंतिम सामना झाला. इराक आणि इराण या दोन संघांपैकी कोणालाही गोल करता आला नाही. अखेर पेनल्टीच्या फटक्यांवर इराकने ४-३ असा विजय मिळवून प्रथमच हे अजिंक्यपद पटकाविले.

असे असले तरी या स्पर्धेतील सर्वांत निर्णायक सामने अंतिम फेरीचे नव्हते. ते त्यापूर्वीच, उपान्त्यपूर्व फेरीत होऊन गेले होते. हे कसे, ते समजण्यासाठी अशा स्पर्धांची रचना पाहावयास हवी.

शिडीची रचना

फुटबॉलच्या युवा विश्वचषकासाठी प्रत्येक खंडाला ठरावीक जागा दिल्या जातात. त्या कोणी मिळवायच्या, हे त्या त्या खंडाची स्पर्धा ठरविते. आशियातील या चढणीला दोन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर देशांचे छोटे गट पाडून पात्रता सामने होतात. गटविजेते आणि काही प्रसंगी सरस ठरलेले उपविजेते मुख्य स्पर्धेत प्रवेश करतात; यजमान देशाला मात्र हे सामने जिंकण्याची अट नसते. दुसरी पायरी म्हणजे मुख्य स्पर्धा.

गोव्यात सोळा संघांचे चार गट होते. प्रत्येक संघाने गटातील इतर तिघांशी एकेक सामना खेळावयाचा होता. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक आणि पराभवाला शून्य. प्रत्येक गटातील पहिले दोन संघ उपान्त्यपूर्व फेरीत गेले आणि तेथून पुढे जो हरेल तो बाद, असा नियम लागू झाला. उपान्त्य फेरी गाठणाऱ्या चार संघांना २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात जागा मिळणार होती. इराक, इराण, जपान आणि उत्तर कोरिया हे ते चार संघ होत. संयुक्त अरब अमिराती, उझबेकिस्तान, व्हिएतनाम आणि ओमान या चार संघांचा प्रवास मात्र शेवटच्या उंबरठ्यावर संपला. अंतिम सामना हरलेल्या इराणने केवळ चषक गमावला. उपान्त्यपूर्व सामना हरलेल्या संघांनी विश्वचषकच गमावला.

येथे एक शंका संभवते. आशियाई स्पर्धा सोळा वर्षांखालील आणि विश्वचषक सतरा वर्षांखालील, हे कसे? याचे उत्तर सरळ आहे. दोन्ही स्पर्धांत एका वर्षाचे अंतर होते. १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेला मुलगा दोन्ही स्पर्धांसाठी पात्र होता. मुले तीच, मधल्या काळात ती एका वर्षाने मोठी झालेली असत.

या रचनेतच कुमार स्पर्धांचे निराळेपण आहे. प्रौढांच्या संघातील खेळाडू एका विश्वचषकास मुकला, तर चार वर्षांनी पुन्हा प्रयत्न करू शकतो. कुमार खेळाडूला ती मुभा नसते. पुढील स्पर्धा येईपर्यंत त्याचे वय मर्यादेबाहेर गेलेले असते. एका जन्मवर्षाच्या वाट्याला बहुधा एकच संधी येते.

वयाची शहानिशा

जन्मवर्षाला एवढे महत्त्व आले, की त्यात लबाडी करण्याचा मोहही आलाच. पंधरा आणि अठरा वर्षांच्या मुलांच्या ताकदीत आणि वेगात मोठे अंतर असते. जिथे जन्मनोंदणी सर्वदूर पोहोचलेली नाही, तिथे केवळ दाखल्यावर विसंबणे अवघड जाते. म्हणून फिफा या जागतिक महासंघाने २००९ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाच्या एम.आर.आय. तपासणीचा अवलंब केला. आशियाई महासंघाच्या कुमार स्पर्धांतही ही तपासणी रूढ झाली.

या तपासणीमागील तत्त्व असे आहे : कोपरापासून मनगटापर्यंत जी दोन हाडे असतात, त्यांपैकी अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. हाडाची लांबी या थरातून वाढते. वाढ पूर्ण होत आली, की हा थर हळूहळू हाडात रूपांतरित होतो आणि शेवटी दिसेनासा होतो. सतरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी तो पूर्णपणे नाहीसा होण्याची शक्यता अत्यंत कमी असते. या सांधणीच्या सहा अवस्था मानल्या आहेत. सहावी, म्हणजे संपूर्ण सांधणीची अवस्था आढळली, तर तो खेळाडू अपात्र समजला जातो. क्ष-किरणांऐवजी चुंबकीय तंत्र वापरल्याने निरोगी मुलांच्या शरीरावर अनावश्यक किरणोत्सर्ग होत नाही. अर्थात ही तपासणी जन्मतारीख सांगत नाही. ठळक फसवणूक तेवढी उघड करते.

यजमानपदाचे दान

गोव्यात भारताला दोन्ही जागा यजमान म्हणून मिळालेल्या होत्या. आशियाई स्पर्धा भारतात होती आणि २०१७ चा विश्वचषकही भारतातच व्हावयाचा होता. मैदानावर मात्र भारतीय संघाला अमिरातीकडून २-३ असा पराभव पत्करावा लागला; सौदी अरेबियाशी ३-३ अशी बरोबरी झाली आणि इराणने त्याला ३-० असे हरविले. तीन सामन्यांत एक गुण मिळवून भारत गटातच बाद झाला. यजमानपद नसते, तर विश्वचषकाचे दार तेथेच बंद झाले असते.

ऑक्टोबर २०१७ मध्ये झालेला हा विश्वचषक सहा ठिकाणी खेळला गेला. नवी मुंबई आणि मडगाव त्यांत होती. भारताच्या चमूत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तालमींच्या नावांनी संघ उतरतात आणि राजर्षी शाहू स्टेडियम ओसंडून वाहते, अशा शहराच्या दृष्टीने ही अभिमानाची गोष्ट होती. भारताने तिन्ही सामने गमावले. परंतु कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केलेला गोल हा फिफाच्या विश्वचषकातील भारताचा पहिला गोल ठरला. दुसरीकडे, पात्रतेची चढण स्वबळावर चढून आलेल्या इराणने त्याच गोव्यात जर्मनीला ४-० असे नमविले आणि उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली.

एका गोलाचे अंतर

भारताने ही चढण स्वतः चढण्याचा प्रयत्न केला नाही, असे मात्र नाही. १९७४ मध्ये बँकॉक येथे भारताच्या युवा संघाने इराणशी अंतिम सामन्यात २-२ अशी बरोबरी साधून आशियाई युवा अजिंक्यपद संयुक्तपणे जिंकले होते. शब्बीर अली त्या संघाचा कर्णधार होता. पण त्या काळी शिडीला वरची पायरीच नव्हती. युवकांची पहिली जागतिक स्पर्धा १९७७ मध्ये ट्युनिशियात झाली आणि सोळा वर्षांखालील मुलांची १९८५ मध्ये चीनमध्ये. भारताला विजय लाभला तेव्हा पुढे वाट नव्हती. वाट झाली तेव्हा विजय दुरावला.

२०१८ मध्ये मलेशियात हे अंतर सर्वांत कमी झाले. गोव्याचे बिबियानो फर्नांडिस हे त्या संघाचे प्रशिक्षक होते. भारताने व्हिएतनामला १-० असे हरविले, इराण आणि इंडोनेशिया यांच्याशी गोलशून्य बरोबरी केली आणि एकही गोल न स्वीकारता उपान्त्यपूर्व फेरी गाठली. १ ऑक्टोबर रोजी दक्षिण कोरियाविरुद्ध उत्तरार्धात एक गोल झाला आणि सामना ०-१ असा संपला. ब्राझीलमधील विश्वचषक एका विजयाने हुकला.

त्यानंतरच्या मुलांना तर हरण्याचीही संधी मिळाली नाही. २०१९ मध्ये ताश्कंद येथे तुर्कमेनिस्तान आणि बहारीन यांना प्रत्येकी ५-० असे हरवून आणि उझबेकिस्तानशी १-१ अशी बरोबरी करून भारत आशियाई स्पर्धेस पात्र झाला. परंतु कोरोनाच्या साथीमुळे ती स्पर्धा रद्द झाली आणि २०२१ चा विश्वचषकही. मुले पात्र होती, तंदुरुस्त होती. त्यांचे वर्ष तेवढे निघून गेले.

पुढे हे नियम सैल झाले. २०२५ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषक दरवर्षी आणि अठ्ठेचाळीस संघांचा झाला. आशियाच्या जागा आठ झाल्या. आता उपान्त्यपूर्व फेरी गाठणे पुरेसे ठरू लागले आणि प्रत्येक जन्मवर्षाला स्वतःची स्पर्धा मिळाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबाद येथे, पुन्हा बिबियानो फर्नांडिस यांच्याच मार्गदर्शनाखाली, भारताने इराणला २-१ असे हरविले आणि गटात पहिले स्थान मिळवून २०२६ च्या आशियाई स्पर्धेत प्रवेश केला. २०१८ मध्ये हाच नियम असता, तर कोरियाशी सामना होण्यापूर्वीच भारताची जागा निश्चित झाली असती. पण नियम मागील तारखेपासून लागू होत नाहीत आणि सोळावे वर्षही मागे फिरून येत नाही.