मराठी संकेतस्थळाची पायाभरणी : इन्स्टॉलेशन प्रोफाइल

भोपाळमध्ये कोलार रोडपासून अरेरा कॉलनी, पिपलानीपर्यंत मराठी कुटुंबे विखुरलेली आहेत. घरात मराठी बोलणारी मुले शाळेत हिंदी-इंग्रजीतच लिहायला शिकतात. मराठीत चार ओळी लिहिल्याच, तर त्या कोणाला दाखवाव्यात आणि त्यांवर कोणाशी बोलावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न असतो. साहित्यचर्चेचे संकेतस्थळ ही उणीव काही अंशी भरून काढू शकते. पण असे काम बहुधा एखाद्या उत्साही तरुणावर सोपवले जाते. तो नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला गेला, की संकेतस्थळाची घडण कशी होती हे मागे राहिलेल्यांना सांगता येत नाही. ही घडण लिखित स्वरूपात जपण्याचा एक मार्ग म्हणजे इन्स्टॉलेशन प्रोफाइल.

ही संज्ञा द्रुपल या प्रणालीतली आहे. अँटवर्प विद्यापीठात शिकणाऱ्या ड्रीस बॉयटार्ट यांनी मित्रांना आपसांत निरोप ठेवता यावेत म्हणून ती तयार केली आणि २००१ मध्ये सर्वांसाठी खुली केली. १९९६ मध्ये सुरू झालेले ‘मायबोली’ आणि नंतरची ‘मनोगत’, ‘मिसळपाव’ ही मराठी वाचकांच्या परिचयाची संकेतस्थळे याच प्रणालीवर चालत आली आहेत. त्यांच्या पत्त्यांत दिसणारा ‘नोड’ हा शब्द द्रुपलचाच. तिथे प्रत्येक लेखनाला नोड म्हणतात.

नवे द्रुपल बसवताना प्रथम भाषा विचारली जाते आणि मग प्रोफाइल. ‘मिनिमल’ निवडल्यास जवळजवळ रिकामे घर मिळते. ‘स्टँडर्ड’ निवडल्यास नेहमीच्या सोयी लावून मिळतात. या यादीत आपण स्वतःच्या प्रोफाइलची भर घालू शकतो. गणेशोत्सवाच्या सामानाची यादी जुन्या कार्यवाहांच्या वहीत असली, की नव्या कार्यकर्त्यांना दरवर्षी शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. प्रोफाइलचे काम तसेच आहे. फरक इतकाच, की ही यादी वाचून संगणक स्वतःच मांडामांड करतो.

प्रोफाइल म्हणजे प्रत्यक्षात एक फोल्डर. त्यात मुख्यतः दोन गोष्टी असतात. पहिली, माहितीची फाइल : प्रोफाइलचे नाव, ती द्रुपलच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे, आणि कोणती मॉड्यूल सुरू करायची त्यांची यादी. दुसरी, मांडणीच्या फाइलींचा संच : कथा, कविता, परीक्षण असे लेखनप्रकार, सदस्यांचे अधिकार, शोधाचे नियम.

या फाइली हाताने लिहाव्या लागत नाहीत. एकदा मनासारखे संकेतस्थळ उभारावे, त्याची मांडणी निर्यात करावी, प्रत्येक फाइलीतली त्या संकेतस्थळापुरती असलेली ओळखखूण काढून टाकावी आणि फाइली प्रोफाइलमध्ये ठेवाव्यात. मग कोऱ्या जागी नव्याने बसवून तपासावे. दोन मर्यादा मात्र ध्यानात ठेवायला हव्यात. निर्यात केलेल्या मांडणीत लेख-कविता येत नाहीत. त्यांची प्रत वेगळी ठेवावी लागते. शिवाय प्रोफाइल फक्त बसवतेवेळी काम करते. पुढे तिच्यात बदल केले, तरी आधी उभी राहिलेली संकेतस्थळे आपोआप बदलत नाहीत. २०२४ पासून द्रुपलमध्ये ‘रेसिपी’ ही सोय आली आहे; ती चालू संकेतस्थळालाही लावता येते.

आता भाषेच्या अभ्यासकांनी लक्ष घालावे असा भाग. द्रुपलच्या स्वतःच्या शोधव्यवस्थेत तीन अक्षरचिन्हांपेक्षा लहान शब्दांची नोंद मुळात होत नाही. इंग्रजीत याने फारसे बिघडत नाही. पण ‘मन’, ‘घर’, ‘सण’ हे आपले शब्द दोनच चिन्हांचे आहेत. ‘घर’ या विषयावरची कविता शोधणाऱ्याच्या हाती मग काहीच लागणार नाही. तेव्हा प्रोफाइलमध्ये हा आकडा दोनवर आणावा.

पानाची भाषा हिंदी नव्हे, मराठी अशी नोंदवणेही तितकेच गरजेचे. ज्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची दोन्ही वळणे असतात, तो या नोंदीवरूनच मराठी वळण निवडतो. ‘दऱ्या’सारख्या शब्दातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. म्हणून लेखनाच्या चौकटीखालच्या सूचनेत टंकनाची एकच पद्धत सांगून ठेवावी; ही सूचनाही प्रोफाइलचाच भाग होते.

शेवटी सदस्यत्वाचा प्रश्न येतो. खाते कोणालाही उघडता यावे, संचालकांच्या मान्यतेने मिळावे, की फक्त संचालकांनीच द्यावे, हे तीन पर्याय आहेत. पूर्ण मोकळीक दिली तर जाहिरातींचा कचरा साचतो. फार कडक नियम केले तर पहिली कविता घेऊन आलेली विद्यार्थिनी दाराशीच ताटकळते. मान्यतेचा पर्याय घ्यावा आणि ती दोन दिवसांत देण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर नावानिशी सोपवावी, हे लहान मंडळांना झेपण्याजोगे आहे.

हे निर्णय तंत्रज्ञावर सोडण्याजोगे नाहीत. प्रोफाइल करायला घेण्यापूर्वी मंडळातले शिक्षक, लेखक आणि एक-दोन विद्यार्थी यांनी एकत्र बसून प्रत्येक निर्णय व त्याचे कारण एका कागदावर मराठीत लिहून काढावे आणि तो कागद प्रोफाइलच्या फोल्डरमध्येच ठेवावा. मग इंदूर, ग्वाल्हेर किंवा जबलपूरच्या मंडळाने तेच फोल्डर मागून घेतले, तर मांडणीबरोबर तिच्यामागचा विचारही त्यांच्यापर्यंत पोहोचेल.