समर्थ संगणक आणि अडखळणारा खेळ

आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार, अशी एक जुनी म्हण आहे. परंतु कधीं कधीं याच्या अगदीं उलट प्रकार घडतो. आड पाण्यानें भरलेला असतो, दोर आणि रहाट नवीन असतात, आणि तरीही वर येणारा पोहरा अर्धा रिकामाच निघतो. संगणकावरील खेळांसाठीं मुद्दाम जुळवून घेतलेल्या किंमती यंत्राच्या बाबतींत हा अनुभव आज पुष्कळ घरांना येतो. लाखाहून अधिक रुपये खर्च झालेले असतात. प्रोसेसर उत्तम, ग्राफिक्स कार्ड नामांकित, रॅम भरपूर. आणि खेळ सुरू केल्यावर मात्र चित्र अडखळतें, धांवणारा नायक मध्येंच थबकतो, वळणावर गाडीला हिसका बसतो. मग घरांत दोन तर्क निघतात. वडील मंडळी म्हणतात कीं दुकानदारानें फसविलें. मुलें म्हणतात कीं याहून मोठें कार्ड घेतल्यावांचून भागावयाचें नाहीं. हे तर्क प्रसंगीं खरेही ठरतात. परंतु चौकशीपूर्वीं काढलेले असल्यामुळें ते दोन्ही सारखेच उतावळेपणाचे होत. यंत्राच्या अंगीं शक्ति असणें ही एक गोष्ट आणि ती शक्ति खेळापर्यंत पोंचणें ही दुसरी. पुष्कळ वेळां पहिली गोष्ट शाबूत असते आणि दोष दुसरींत असतो. तो शोधून काढण्यास पैशापेक्षां शांतपणा आणि मोजमाप यांचीच अधिक गरज असते.

प्रथम हें पाहिलें पाहिजे कीं पडद्यावर खेळ चालतो म्हणजे काय होतें. सिनेमाप्रमाणेंच येथेंही हालचाल हा भास असतो. स्थिर चित्रें एकामागून एक झपाट्यानें दाखविलीं जातात. अशा एका चित्रास फ्रेम म्हणतात. फरक इतकाच कीं सिनेमाचीं चित्रें आधींच तयार असतात, आणि खेळांतील प्रत्येक चित्र खेळाडूच्या हालचालीप्रमाणें त्या त्या क्षणीं नव्यानें काढावें लागतें. सेकंदास ६० चित्रें हवीं असतील तर एका चित्राच्या वाट्यास सुमारें १६.७ मिलिसेकंद येतात; १४४ हवीं असतील तर ७ मिलिसेकंदही पुरते मिळत नाहींत. तेवढ्या अवधींत प्रोसेसरनें खेळांतील जगाचा हिशेब करावयाचा, म्हणजे कोण कोठें आहे, कोणाचा बाण कोणास लागला, कोणती भिंत कोसळली हें ठरवावयाचें. त्यावरून ग्राफिक्स कार्डास आज्ञा द्यावयाची. कार्डानें चित्र रंगवावयाचें. आणि मॉनिटरनें तें दाखवावयाचें. मोठ्या पंगतींत आचारी कितीही तरबेज असला तरी वाढपी एकटाच असेल तर पानें रिकामीं राहतात. येथेंही तोच न्याय आहे. सर्वांत धिम्या हाताचा जो वेग, तोच साऱ्या पंगतीचा वेग.

दुसरी गोष्ट सरासरीची. पडद्याच्या कोपऱ्यांत ‘६०’ हा आंकडा दिसत असतांनाही खेळणारा हिसक्यांची तक्रार करतो, तेव्हां त्याच्यावर अविश्वास दाखविण्याचें कारण नाहीं. एका सेकंदांतील ५९ चित्रें प्रत्येकीं १५ मिलिसेकंदांत तयार झालीं आणि उरलेल्या एका चित्रास ११५ मिलिसेकंद लागले, तरी हिशेबास चित्रें ६० च भरतात. परंतु त्या एका चित्रापाशीं डोळा ठेंचाळल्यावांचून राहत नाहीं. म्हणून जाणकार परीक्षक केवळ सरासरी न पाहतां सर्वांत धिम्या १ टक्का चित्रांचा वेगही पाहतात. सरासरीच कमी असणें हा एक रोग, आणि सरासरी चांगली असून मधून मधून हिसके बसणें हा दुसरा. दोहोंचीं कारणें बहुधा निराळीं असतात.

वैद्य रोग्यास ‘हें केव्हांपासून होतें, आणि कशानें वाढतें’ असें आधीं विचारतो. तोच प्रश्न येथेंही उपयोगी पडतो.

खेळ अगदीं पहिल्या मिनिटापासून मंद असेल तर जोडणी आणि सेटिंग यांकडे पाहावें. मॉनिटरची केबल कोठें खोंचली आहे ही तपासणी हास्यास्पद वाटावी इतकी सोपी आहे, पण तिनें पुष्कळ कोडीं सुटतात. पेटीच्या मागील बाजूस मदरबोर्डाचें एक तोंड असतें आणि त्याच्या खालीं ग्राफिक्स कार्डाचें दुसरें. केबल चुकून वरच्या तोंडांत गेली कीं बहुधा प्रोसेसरमधील अल्पशी चित्रशक्तीच कामास लागते, आणि सर्वांत महाग असलेलें कार्ड स्वस्थ बसून राहतें. त्यानंतर मॉनिटर. १४४ हर्ट्झचा म्हणून घेतलेला मॉनिटर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्यें ६० वरच राहिलेला असूं शकतो. मग कार्डानें कितीही चित्रें काढलीं तरी डोळ्यांना सेकंदास ६० च दिसणार. रॅमचेंही तसेंच. ६००० या आंकड्याची म्हणून घेतलेली डी. डी. आर. ५ रॅम नव्या मदरबोर्डावर पुष्कळदां ४८०० वरच चालूं लागते. तिचा पुरा वेग बायॉसमध्यें जाऊन चालू करावा लागतो. इंटेलच्या परिभाषेंत या सोयीस एक्स. एम. पी. व ए. एम. डी. च्या परिभाषेंत एक्स्पो म्हणतात. शिवाय रॅमची एकच पट्टी बसविली असेल तर मेमरीचे दोन मार्ग असून एकच वापरला जातो. दोन पट्ट्या असतील तर त्या कोणत्या खांचांत बसवाव्या हें मदरबोर्डाच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. चार खांचांपैकीं प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी, हा बहुतेक ठिकाणचा नियम आहे. लॅपटॉप असेल तर तो चार्जरवर चालतो आहे कीं नाहीं हेंही पाहावें. बॅटरीवर चालतांना तो आपली शक्ति हात आंखडून वापरतो.

खेळ पहिलीं दहा-पंधरा मिनिटें सुरेख चालून मग मंदावत असेल तर संशय उष्णतेवर घ्यावा. प्रोसेसरला आपल्या तापमानाची मर्यादा ठरवून दिलेली असते. इंटेलच्या पुष्कळ प्रोसेसरांत ती १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, ए. एम. डी. च्या २०२२ मधील रायझन ७००० मालिकेंत ती ९५ अंश आहे. ती मर्यादा गांठली कीं प्रोसेसर आपला जीव वांचविण्यासाठीं आपण होऊन वेग कमी करतो. यांत बिघाड नाहीं. उलट ती यंत्राची शहाणीव आहे. जाळ्यांत अडकलेली धूळ, भिंतीला चिकटवून ठेवलेली पेटी, बंद पडलेला पंखा, किंवा कूलरच्या तळावरील प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा काढावयाचा राहून जाणें, हीं याचीं नेहमींचीं कारणें. शिवाय पंखा हवा फिरवितो, ती थंड करीत नाहीं. मे महिन्यांत नागपुरास हवेचें तापमान ४० अंशांच्या वर जातें, तेव्हां डिसेंबरांत निर्वेध चाललेला तोच संगणक धापा टाकूं लागला तर त्यांत नवल नाहीं.

नव्या प्रदेशांत पहिल्यानें शिरतांना किंवा नवें शस्त्र प्रथमच चालवितांना हिसका बसतो, आणि दुसऱ्या वेळीं त्याच जागीं बसत नाहीं, असा अनुभव असेल तर कारण निराळें आहे. प्रकाश, धूर, पाणी कसें रंगवावें हें कार्डास सांगणारे लहान लहान प्रोग्राम असतात. त्यांस शेडर म्हणतात. ते प्रत्येक कार्डाच्या आणि ड्रायव्हरच्या विशिष्ट भाषेंत उतरवून घ्यावे लागतात, आणि हें भाषांतर बहुधा खेळणाऱ्याच्याच संगणकावर होतें. ऐन खेळांत तें होऊं लागलें कीं चित्र खोळंबतें. म्हणून कांहीं खेळ आरंभींच हें काम उरकून घेतात. तो वेळ कंटाळून तोडूं नये. व्हॉल्व्ह कंपनीच्या २०२२ मधील स्टीम डेक या यंत्रांत कार्ड सर्वांचें एकाच जातीचें असल्यामुळें पुष्कळ खेळांचे शेडर आधींच भाषांतर होऊन घरीं येतात, आणि हा हिसका बराच टळतो.

याच्या उलट, हिसके जसजसा वेळ जाईल तसतसे वाढत असतील, तर कार्डाची स्वतःची मेमरी पाहावी. ८ गिगाबाइटच्या कार्डाकडून १० गिगाबाइटचें सामान मागितलें कीं उरलेलें सामान संगणकाच्या रॅममध्यें ठेवून अधिक धिम्या वाटेनें ने-आण करावी लागते. अशा वेळीं खेळांतील टेक्स्चरची प्रत एक पायरी खालीं आणावी. चित्रांत फारसा फरक न पडतां खेळ सुरळीत होतो.

एवढ्यानें उलगडा झाला नाहीं तर प्रोसेसर आणि कार्ड यांपैकीं कोण मागें पडतो तें ठरविण्याची एक सोपी कसोटी आहे. ३८४० × २१६० या रेझोल्यूशनमध्यें एका चित्रांत ८२,९४,४०० ठिपके असतात. १९२० × १०८० मध्यें त्याच्या बरोबर चौथा हिस्सा. रेझोल्यूशन उतरविलें म्हणजे कार्डाचें ओझें एकदम घटतें, प्रोसेसरचें मात्र जवळ जवळ तेंच राहतें. उतरविल्यावर चित्रांची संख्या वाढली तर कार्ड दमलेलें होतें. ती होती तेवढीच राहिली तर प्रोसेसर, किंवा त्याला राबविणारें दुसरें कांहीं, आडवें येत आहे. मागें उघडा राहिलेला ब्राउझर, खेळाचें चित्रण करणारा प्रोग्राम, ऐन वेळीं फायली तपासूं लागलेला अँटिव्हायरस, हीं त्यांतील नेहमींचीं मंडळी. टास्क मॅनेजरचा एकूण आंकडा पाहून मात्र फसूं नये. आठ गाभ्यांच्या प्रोसेसरांत एकच गाभा पूर्ण राबत असेल आणि सात रिकामे असतील, तर एकूण आंकडा १२-१३ टक्केच दिसतो, आणि खेळ त्या एका गाभ्यापाशीं अडलेला असतो.

या शेवटच्या मुद्द्याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २०१३ मध्यें सुरू झालेल्या ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाईन या खेळांत शिरण्यास कित्येकांना पांच-सहा मिनिटें वाट पाहावी लागे, आणि वर्षानुवर्षें लोक आपल्याच यंत्रास दोष देत. २०२१ च्या आरंभीं एका स्वतंत्र प्रोग्रामरनें तर्क न करतां मोजमाप केलें. त्यास असें दिसलें कीं त्या अवधींत डिस्क, इंटरनेट व कार्ड जवळ जवळ स्वस्थ असतात. प्रोसेसरचा एकच गाभा जिवाच्या आकांतानें राबत असतो. कशासाठीं, तर विक्रीच्या वस्तूंची सुमारें १० मेगाबाइटची, ६३ हजार नोंदींची यादी वाचण्यासाठीं. प्रत्येक लहानशी बाब वाचतांना उरलेल्या साऱ्या मजकुराची लांबी पुनः पुनः मोजली जात होती. शिवाय नवी नोंद आधींच्या प्रत्येक नोंदीशीं ताडून पाहण्यांत सुमारें १९८ कोटी तपासण्या होत. या दोन गोष्टी सुधारतांच त्याच्या त्याच संगणकावर ६ मिनिटांचें काम १ मिनिट ५० सेकंदांत होऊं लागलें. रॉकस्टार कंपनीनें त्याच मार्च महिन्यांत ही सुधारणा स्वीकारली आणि शोधकास १० हजार डॉलर दिले. तोंवर ज्यांनीं या कारणासाठीं नवें कार्ड घेतलें असेल, त्यांना त्याचा काय उपयोग झाला असेल हें सांगावयास नको.

कधीं कधीं तर दोष सर्वस्वीं खेळाचाच असतो. बॅटमन : आर्कम नाइट हा खेळ जून २०१५ मध्यें निघाला तेव्हां संगणकावरील त्याच्या आवृत्तीस सेकंदास ३० चित्रांचें बंधन घातलेलें होतें, आणि उत्तम यंत्रांवरही तो अडखळे. थोड्याच दिवसांत प्रकाशकांनीं त्याची विक्री थांबविली. ती पुन्हां सुरू झाली ती ऑक्टोबरांत. म्हणून शंका आल्यास दुसरा एखादा खेळ चालवून पाहावा. तो निर्वेध चालला तर यंत्राची पेटी उघडण्यापूर्वीं पहिल्या खेळाच्या दुरुस्तीची वाट पाहणें हेंच श्रेयस्कर.

या साऱ्या शोधांत एक शिस्त मात्र पाळली पाहिजे : एका वेळीं एकच बदल. ड्रायव्हर नवा घातला, रॅमचा वेग वाढविला आणि खेळाचें सेटिंगही उतरविलें, मग खेळ सुधारला, तर कशानें सुधारला हें कोणासच कळत नाहीं. आणि बिघडला तर कोणतें पाऊल मागें घ्यावें हेंही कळत नाहीं. खेळांतील तोच प्रसंग घ्यावा, बदलापूर्वीं व बदलानंतर सरासरी, धिम्या चित्रांचा वेग आणि तापमान हे तीन आंकडे वहींत टिपावे, आणि मगच पुढचा बदल करावा. दोन संध्याकाळचें हें काम आहे. एवढें करून कार्ड थंड आहे, पूर्ण राबत आहे, आणि तरीही पुरें पडत नाहीं असें आंकड्यांनीं दिसलें, तर घरच्यांपुढें दोन सरळ मार्ग उरतात : चित्राची हौस थोडी कमी करणें, किंवा नवें कार्ड घेणें. त्या वेळीं झालेला खर्च अपव्यय ठरत नाहीं. कारण तो कशासाठीं होत आहे हें खर्च करणाऱ्या वडिलांना आणि खेळणाऱ्या मुलांना, दोघांनाही ठाऊक असतें.