सहा प्रवाहांचा दोहोंत संगम

आधुनिक चित्रपटाच्या फाईलमध्ये ध्वनी पुष्कळदा सहा प्रवाहांत साठविलेला असतो: डावा, उजवा, मध्य, मागील दोन व केवळ खर्जाचा सहावा. पात्रांचे संवाद मुख्यतः मध्यप्रवाहात असतात. घरच्या संचास मात्र बहुधा कर्णे दोनच! डावा व उजवा एवढेच प्रवाह ठेवले, तर संगीत ऐकू येईल. पात्रे जवळजवळ मुकी होतील.

यास्तव, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार, मध्यप्रवाहाचा कंपविस्तार ०.७०७ पट करून तो दोन्ही बाजूंत मिसळतात. हाच अंक का? ध्वनीची शक्ती कंपविस्ताराच्या वर्गाच्या प्रमाणात असते, ०.७०७ चा वर्ग सुमारे ०.५. म्हणजे प्रत्येक बाजूस निम्मी शक्ती, दोन्ही मिळून पूर्ण. मागील प्रवाहही याच प्रमाणात आपापल्या बाजूस मिळवितात. बेरीज मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटू नये, म्हणून अखेरीस सर्वच पातळी थोडी उतरवितात.