सीटखालचा पिवळा जोड

रत्नागिरीचा पावसाळा गाडीच्या आतही शिरतो. भिजलेल्या मॅटची ओल चालकाशेजारच्या सीटखाली मुरते, खारी हवा तारांच्या जोडावर गंज चढवते आणि डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा विझेनासा होतो. भारतात १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांना पुढच्या प्रवाशाची एअरबॅग सक्तीची आहे. पण दिवा पेटता असेल तर धडकेत ती उघडेलच, याची खात्री नाही.

आधी स्कॅनरवर बिघाडाचा कोड वाचून घ्यावा. पुष्कळदा सीटमधला वजन ओळखणारा सेन्सर धडधाकट असतो. सीट मागेपुढे सरकवताना तिच्याखालचा तारांचा पिवळा जोड सैल झालेला असतो. तो स्वतः उपसू नका: बॅटरी सोडवल्यावरही यंत्रणेत काही मिनिटं वीज साठलेली राहते. एअरबॅगला मल्टिमीटर तर मुळीच लावू नये. त्याच्या क्षीण प्रवाहानेही ती फुटू शकते.