गंजलेली अवजारे स्वच्छ करण्याची विद्युत पद्धत

पेणच्या खारेपाटात आणि रोह्याच्या कुंडलिका खोऱ्यात पावसाळाभर हवा दमट असते. खाडीलगत हवेत व मातीत क्षारही असतात. त्यामुळे पडवीत ठेवलेला नांगराचा फाळ, कुदळ किंवा पॉवर टिलरचे बोल्ट काही महिन्यांतच तांबूस होतात. लोखंडाला पाणी व प्राणवायू दोन्ही मिळाले की गंज चढतो. क्षारामुळे तो अधिक वेगाने चढतो.

असा गंज ग्राइंडरने घासून काढताना खालचे चांगले लोखंडही झिजते व बोल्टचे आटे बुजतात. विद्युत अपघटनाने मात्र गंज सुटतो आणि लोखंड शाबूत राहते.

साहित्य

प्लॅस्टिकची बादली किंवा टब, धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर, साध्या लोखंडाची जाड पट्टी किंवा सळई, तारेचा ब्रश, रबरी हातमोजे व चष्मा. काही नवे स्वयंचलित चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय प्रवाह देत नाहीत. ते या कामास चालत नाहीत. घरातील २३० व्होल्टची वीज थेट कधीही वापरू नये.

कृती

१) अवजारावरील चिखल व ग्रीस धुऊन काढावे. तार जोडण्याच्या जागी थोडी जागा घासून धातू उघडा करावा.

२) दर लिटर गोड्या पाण्यात १० ते १५ ग्रॅम सोडा विरघळवावा. २० लिटरच्या टबास २०० ते ३०० ग्रॅम पुरतो.

३) अवजार पाण्यात टांगून त्यास चार्जरची ऋण (काळी) तार जोडावी. लोखंडी पट्टीस धन (लाल) तार जोडावी. ही जोडणी उलटी झाल्यास पट्टीऐवजी अवजारच झिजेल. लाल तारेचा चिमटा पाण्याबाहेर ठेवावा.

४) पट्टी व अवजार एकमेकांस टेकू देऊ नयेत. नंतर चार्जर सुरू करावा. अवजारावर बारीक बुडबुडे दिसले म्हणजे काम सुरू झाले. पट्टीसमोरची बाजू आधी स्वच्छ होते, म्हणून मधूनमधून चार्जर बंद करून अवजार फिरवावे.

५) पातळ गंजास काही तास, जाड गंजास रात्रभर लागू शकतो. उरलेला काळा थर ब्रशने सहज निघतो.

जुना रंगही या पद्धतीने सैल होतो. तो ओला असतानाच खरवडावा, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते व त्याची धूळ श्वासात जाणे घातक असते. खपल्या गोळा करून वेगळ्या ठेवाव्यात.

या चुका टाळाव्यात

सोड्याऐवजी मीठ घालू नये. पेणला मीठ सहज मिळते, पण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. खाडीचे किंवा मचूळ पाणीही याच कारणाने घेऊ नये. पट्टी म्हणून स्टेनलेस स्टील वापरू नये; त्यातून क्रोमियमचे विषारी संयुग पाण्यात उतरते. छपराचा जस्ती पत्राही वापरू नये.

बुडबुड्यांत स्फोटक हायड्रोजन असतो. म्हणून काम उघड्यावर पण पावसापासून आडोशाला करावे. जवळ विडी, चूल वा ठिणगी नसावी. तार काढण्यापूर्वी चार्जर बंद करावा.

ॲल्युमिनियम, पितळ व जस्ताचा मुलामा असलेले भाग यात घालू नयेत. स्प्रिंग, विळे-कोयते व कडबाकुट्टीची पाती हायड्रोजन शोषून ठिसूळ होऊ शकतात. त्यांचा गंज हातानेच घासावा.

पाण्याची विल्हेवाट

सोड्याचे पाणी पुन्हा वापरता येते. ते भाताच्या खाचरात, वालाच्या वाफ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. सोडियममुळे जमीन चोपण होते. खारजमिनीत तर ही भर नकोच. रंगाच्या खपल्या त्यात मिसळू देऊ नयेत.

नंतरची निगा

स्वच्छ झालेले लोखंड दमट हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस होते. म्हणून गोड्या पाण्याने धुऊन ते लगेच उन्हात किंवा चुलीजवळच्या उबेला कोरडे करावे आणि तेल अथवा ग्रीस लावावे. रंग द्यायचा असल्यास तेल न लावता त्याच दिवशी प्रायमर द्यावा.

गंजाने पडलेले खड्डे या पद्धतीने भरून येत नाहीत. तेव्हा दर हंगामाचे काम संपताच अवजार धुऊन, सुकवून, तेल लावून जमिनीपासून उंच ठेवावे. एवढी सवय ठेवली तर टब आणि चार्जर काढण्याची वेळ क्वचितच येईल.