ईश्वरप्रतीक्षा
ख्रिस्ती धर्मोपदेशातील एक संकल्पना. ईश्वराचे वचन त्याने नेमलेल्या काळी पूर्ण होईल, या विश्वासाने मनुष्याने संकटातही धीर न सोडता त्याची वाट पाहत राहावे, असा तिचा आशय आहे. ही प्रतीक्षा म्हणजे निष्क्रियता की कृतीला बळ देणारी निष्ठा, हा या उपदेशातील कळीचा प्रश्न होय.

संकल्पनेचे मूळ जुन्या करारात आढळते. तेथील ‘काव्हा’ (वाट पाहणे) या हिब्रू धातूचा संबंध पीळ दिलेल्या दोरीशी जोडला जातो. त्यामुळे प्रतीक्षेत शैथिल्य नव्हे, तर ताण अभिप्रेत असतो. स्तोत्रसंहितेतील १३० व्या स्तोत्रात पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्याची उपमा योजिली आहे. इ. स. पू. ५८६ मध्ये जेरूसलेमचा पाडाव झाल्यानंतर बॅबिलनमध्ये निर्वासित जीवन कंठणाऱ्या यहुद्यांना यशयाच्या ग्रंथातील ४० व्या अध्यायाने प्रतीक्षेतून नवे बळ लाभेल, असे आश्वासन दिले. तथापि ‘आणखी किती काळ?’ असा ईश्वरालाच जाब विचारणारी १३ व्यासारखी स्तोत्रेही याच संहितेत आहेत. तक्रार ही श्रद्धेच्या विरोधी मानलेली नाही.

नव्या करारात याकोबाच्या पत्राने (अध्याय ५) पहिल्या व शेवटच्या पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचे उदाहरण दिले आहे. पाऊस पाडणे त्याच्या हाती नाही. पेरणी मात्र त्याने केलेली असते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील दहा कुमारींच्या दाखल्यातही वराची वाट पाहणाऱ्यांपैकी दिव्यासाठी तेलाची तरतूद करणाऱ्याच शहाण्या ठरतात.

रोमन साम्राज्यातील छळाच्या काळात कार्थेजचे टर्टुलियन (सु. १६०–सु. २२५) आणि सिप्रियन (सु. २००–२५८) यांनी धीर या सद्‌गुणावर स्वतंत्र प्रबंध लिहिले. आपल्या अंगी हा गुण नाही, अशी कबुली टर्टुलियन यांनी आरंभीच दिली आहे. पुढे नाताळापूर्वीचा आगमनकाळ हा पाश्चात्त्य चर्चच्या उपासनावर्षात प्रतीक्षेचा काळ म्हणून रूढ झाला. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स (१६२४–९१) यांच्या प्रेरणेने उदयास आलेल्या क्वेकर पंथाने मौन प्रतीक्षेलाच सामुदायिक उपासनेचे रूप दिले. दक्षिण आफ्रिकेतील धर्मोपदेशक अँड्र्यू मरी (१८२८–१९१७) यांचे याच विषयावरील, महिनाभराच्या दैनंदिन चिंतनासाठी रचलेले पुस्तक विशेष प्रसिद्ध आहे.

या उपदेशाचा दुरुपयोगही झाला. पीडितांनी अन्याय निमूटपणे सोसावा, यासाठी धीराचा दाखला देण्यात आला. अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथे १९६३ मध्ये वंशभेदविरोधी निदर्शने अवेळी असल्याचे मत आठ श्वेतवर्णीय धर्मगुरूंनी जाहीरपणे मांडले. तुरुंगात असलेले बॅप्टिस्ट धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग (१९२९–६८) यांनी त्यांना पत्राद्वारे उत्तर दिले. काळ आपोआप अन्याय दूर करीत नाही. मनुष्य ईश्वराचा सहकारी होऊन झटतो तेव्हाच परिवर्तन घडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. येथे ईश्वराची प्रतीक्षा आणि अन्याय करणाऱ्याच्या सोयीची प्रतीक्षा यांतील भेद स्पष्ट होतो. धीराचा उपदेश कोण कोणाला करीत आहे आणि उपदेशक स्वतः श्रोत्यांच्या दुःखात सहभागी आहे की नाही, यावरच त्याचे नैतिक मूल्य अवलंबून राहते.