सुरत सावरली ती गटारापासून

खानदेशातल्या कितीतरी घरांना सुरत परकी वाटत नाही. ताप्ती लाइनची गाडी धरायची, उधन्याला उतरायचं, लिंबायतमध्ये आधी आलेल्या भावकीच्या खोलीत पथारी टाकायची आणि यंत्रमागावर पाळी धरायची. सप्टेंबर 1994 मध्ये प्लेगची बातमी पसरली आणि हेच लोक मिळेल त्या गाडीने माघारी निघाले. मृत्यू पन्नासच्या आसपास झाले. शहर सोडणारे मात्र काही लाख होते. माग थांबले, हिऱ्यांना पैलू पाडणारे कारागीर सौराष्ट्रात परतले. काही देशांनी तर भारताशी असलेली विमानसेवाच तोडली.

प्लेगच्या आधी आलेल्या पुराचं पाणी ओसरल्यावर कचरा आणि मेलेली जनावरं वस्त्यांतच कुजत होती. ज्यांच्या हातांवर सुरत कमवत होती, त्यांच्याच गल्लीत धड गटार नव्हतं.

1995 मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांच्या झाडूची आणि हातोड्याची चर्चा खूप झाली. बड्यांची बेकायदा बांधकामंही पडली, हे खरंच. पण मला त्याहून मोठी वाटते ती अधिकारांची वाटणी. शहराचे सहा विभाग करून प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला खर्चाचे आणि निर्णयाचे अधिकार दिले गेले. तुंबलेल्या नाल्याची फाइल मुख्यालयात अडकून पडेना. सकाळी साहेब लोक खुर्चीऐवजी रस्त्यावर दिसू लागले, दुपारी त्याच दिवसाचा हिशेब आयुक्तांपुढे. रात्री रस्ते झाडले जाऊ लागले. झोपडपट्ट्यांत फरशी, नळ, शौचालयं आली. 1996 मध्ये 'इंटॅक' या संस्थेने सुरतेला देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर ठरवलं.

या सफाईला आरोग्याचं काम म्हणून बाजूला ठेवणं मला चूक वाटतं. कापड आणि हिरे, दोन्ही धंदे बाहेरून आलेल्या माणसांवर चालतात. इथे राहिलो तर जगू, एवढी खात्री त्या माणसाला हवी असते. ती पटली, तेव्हाच मागावर हात परतले. पुढे 2014 पासून महापालिका शुद्ध केलेलं सांडपाणी पांडेसरा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना विकू लागली. जे पाणी एके काळी गल्ल्यांत तुंबत होतं, ते आता कापड रंगवणाऱ्यांच्या कामी येतं.

पण नुसती स्वच्छता पुरत नाही. अमेरिकेतली मागणी आटली, की हिऱ्यांचे कारखाने आजही ओस पडतात. 2008 मध्ये तसंच झालं आणि कारागीर पुन्हा सौराष्ट्राच्या गाड्यांत बसले. त्या वेळी शहर स्वच्छ होतं. पण घरी बसलेल्या कारागिराला पगार देणारं कुणी नव्हतं.